साथीच्या काळातील टीका आणि मृत्यूंचा हिशोब

बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांची भावकी आणि सोयरीक अजूनही महाराष्ट्रात पसरलेली आहे. त्यामुळे कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दांडिया बाजारात, रावपुऱ्यात किंवा नव्या वस्त्यांतल्या एखाद्या घरात पुण्या-मुंबईहून फोन आला, की दोन राज्यांच्या आकड्यांची तुलना हटकून निघत असे. ‘तुमच्याकडे बरंच आटोक्यात दिसतंय’ असे पलीकडून म्हटले जाई आणि अलीकडच्या माणसाला त्यावर काय बोलावे ते सुचत नसे. सकाळच्या गुजराती वर्तमानपत्रात बेसण्याच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या शोकबैठकीच्या, जाहिरातींची पाने वाढलेली दिसत होती, लोकांनी घरी येऊ नये म्हणून ‘टेलिफोनिक बेसणुं’ असा मथळा आणि खाली कुटुंबीयांचे नंबर छापले जात होते, स्मशानांत थांबावे लागत होते, आणि त्याच पानावरचा सरकारी मृत्यूंचा आकडा मात्र या कशाशीच जुळत नव्हता. पुढे सगळी बेरीज झाली तेव्हा महाराष्ट्राचे अधिकृत कोरोनामृत्यू १ लाख ४८ हजारांच्या आसपास आणि गुजरातचे ११ हजारांच्या आसपास भरले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी आणि गुजरातची ६.०४ कोटी, म्हणजे दुपटीच्याही आत, आणि मृत्यू मात्र तेरापट. मुंबईची दाटी, सुरुवातीला तिथे झालेला मोठा फैलाव यांमुळे काही फरक पडणारच, परंतु तेरापट फरक रोगामुळे पडतो असे मानणे कठीण आहे. त्यातला मोठा भाग मोजण्याच्या पद्धतीचा आहे.

साथीच्या काळात सरकारवर झालेल्या टीकेचा विषय निघाला की चर्चा लगेच पक्षांवर आणि नेत्यांवर घसरते. या लेखात ती वाट टाळली आहे. कोणती टीका नेमक्या कोणत्या यंत्रणेवर होती, तिला उत्तर काय मिळाले आणि ते उत्तर कसे तपासायचे, एवढेच येथे पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. ज्या टीकेने या देशात प्रत्यक्ष काही बदलले, ती बहुतेक वेळा विशिष्ट कार्यालयाला, विशिष्ट कागदाबद्दल विचारलेल्या प्रश्नाच्या रूपात आली होती, आणि त्यातही सर्वांत मोलाची टीका मृत्यूंच्या मोजणीवरची होती.

सुरुवातीला जबाबदारीची वाटणी लक्षात घ्यायला हवी, कारण तीच ठाऊक नसल्याने लोकांचा बराचसा राग भलत्या दारावर जातो आणि अधिकाऱ्यांना टोलवाटोलवी करायला मोकळे रान मिळते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात संसर्गजन्य रोग पसरू नयेत यासाठीची व्यवस्था समवर्ती सूचीत आहे. प्रत्यक्षात मार्च २०२० पासून केंद्र सरकारने आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली आदेश काढले, त्यामुळे टाळेबंदीचे मुख्य निर्णय दिल्लीत झाले. लशींची खरेदी (२०२१ च्या मे-जूनमधला थोडा काळ सोडता) आणि २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनचे राज्यवार वाटप हेही केंद्राच्या हाती होते. बडोद्यातल्या सयाजी किंवा गोत्रीसारख्या सरकारी रुग्णालयांतील खाटा, डॉक्टर आणि औषधे हे राज्याचे काम होते. स्मशाने, वस्त्यांमधील तपासणी केंद्रे आणि जन्म-मृत्यूची नोंद महानगरपालिकेकडे. तेव्हा ‘सरकार काय करत होते’ हा प्रश्न तीन दारांवर वेगवेगळ्या शब्दांत विचारावा लागतो.

आता मोजणीकडे येऊ. रुग्णालयात माणूस दगावला की डॉक्टर मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र भरतात. रुग्णालयातील मृत्यूसाठी तो नमुना क्रमांक ४ असतो आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी ४-अ. हा कागद नीट पाहण्यासारखा आहे. त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात. वरच्या ओळीत मृत्यूचे तात्कालिक कारण लिहायचे, त्याखाली ते कारण कशामुळे उद्भवले ते, आणि सर्वांत खाली ज्या मूळ कारणापासून ही साखळी सुरू झाली ते. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे, पण या साखळीत न बसणारे आजार लिहायचे. समजा, साठीच्या एका गृहस्थांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे, त्यांना कोरोना झाला, न्यूमोनिया झाला आणि श्वसन बंद पडून ते गेले. त्यांच्या कागदावर वरच्या ओळीत श्वसन निकामी होणे, मग न्यूमोनिया, तळाच्या ओळीत कोविड-१९ आणि दुसऱ्या भागात मधुमेह, असे यायला हवे. आकडेवारीत मृत्यूचे कारण म्हणून मोजली जाते ती पहिल्या भागातली तळाची ओळ. मधुमेह दुसऱ्या भागातून उचलून त्या तळाच्या ओळीत बसवला, की त्याच माणसाचा त्याच दिवशीचा मृत्यू कोरोनाच्या खात्यातून निघून मधुमेहाच्या खात्यात जातो. कोणीही खोटे काही लिहिलेले नसते, कारण मधुमेह खरोखरच होता, आणि तरीही मोजणी बदलते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० च्या मे महिन्यात काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हा धोका ओळखून स्पष्ट सांगितले होते की मधुमेह, दमा, हृदयविकार यांसारख्या सहव्याधींमुळे धोका वाढतो, परंतु कोविडने झालेल्या मृत्यूत त्या मूळ कारण म्हणून धरू नयेत. गुजरातमध्ये मात्र मृत्यूचे प्राथमिक कारण आणि दुय्यम कारण कोणते हे ठरवण्याचे काम तज्ज्ञांच्या समित्यांकडे होते, आणि दुसऱ्या लाटेत राज्य सरकारची जाहीर भूमिका अशी होती की कोरोनाबाधित माणूस हृदयविकाराने गेला असे समितीला वाटले तर तो कोरोनामृत्यू धरला जात नाही, आणि हे आयसीएमआरच्या सूचनांना धरूनच आहे. सूचनांचा रोख नेमका उलट होता. या काळातल्या टीकेतला हा सर्वांत भक्कम मुद्दा असे मला वाटते, कारण यात कोणाच्या हेतूबद्दल तर्क करावा लागत नाही. सूचना समोर ठेवायची, नमुना समोर ठेवायचा आणि दोन्ही जुळतात का एवढे विचारायचे.

घरच्यांना हे सारे कळायला मार्ग नव्हता. महापालिकेकडून जो मृत्यूचा दाखला हातात मिळतो त्यावर नाव, तारीख, ठिकाण असते, मृत्यूचे कारण नसते. जन्म आणि मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ मध्येच अशी तरतूद आहे की नोंदीच्या उताऱ्यात कारण उघड करायचे नाही. खासगीपण जपण्यासाठी ती केलेली असावी, पण साथीत तिचा परिणाम असा झाला की ज्यांचे वडील किंवा आई कोरोना वॉर्डात गेली, त्यांना नोंदवहीत नेमके काय लिहिले गेले याचा पत्ता नुकसानभरपाईचा अर्ज करायची वेळ येईपर्यंत लागला नाही. या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि आता कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाईकालाही द्यावी लागते. शिवाय देशभरात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले असते असे मृत्यू पाव हिश्श्यापेक्षाही कमी आहेत, २०२० मध्ये ते सुमारे २२.५ टक्के होते. जो माणूस खाट न मिळाल्यामुळे घरीच गेला, ज्याची तपासणी झालीच नाही, तो कोरोनाच्या आकड्यात येण्याची शक्यता मुळातच कमी होती.

याच कागदाची मर्यादा आणखी एका प्रसंगी उघडी पडली. २० जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यसभेत उत्तर दिले की ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे मृत्यू झाल्याची विशिष्ट नोंद राज्यांनी कळवलेली नाही. ज्यांनी मध्यरात्री सिलिंडर शोधत शहर पालथे घातले होते त्यांना ते वाक्य ऐकून संताप आला, आणि तो रास्त होता. परंतु उत्तर असे का निघाले हे समजून घेतले पाहिजे. मृत्यूच्या कारणाच्या नमुन्यात आजार लिहायची जागा आहे, टंचाई लिहायची नाही. ऑक्सिजन संपला म्हणून गेलेल्या रुग्णाच्या कागदावरही न्यूमोनिया आणि कोविडच असणार. मग केंद्राने राज्यांकडे विचारणा करायची, राज्यांनी त्या कागदांवरून उत्तर द्यायचे आणि संसदेत ‘नोंद नाही’ असे सांगायचे, हे सारे कागदोपत्री बिनचूक राहते. रुग्णालयाच्या ऑक्सिजन साठ्याच्या नोंदवहीतल्या वेळा आणि त्या रात्रीच्या मृत्यूंच्या वेळा शेजारी ठेवून पाहा, अशी मागणी झाली असती तर इतके सरळ उत्तर देता आले नसते.

कारणाची ओळ भरवशाची नसेल तर साथीतले मृत्यू मोजायचे कसे? यासाठी जुना आणि साधा मार्ग आहे. कारण बाजूला ठेवायचे आणि एकूण किती माणसे गेली ते पाहायचे. आधीच्या वर्षांत त्याच महिन्यांत सरासरी किती मृत्यू नोंदले जात होते ते काढायचे, आणि साथीच्या महिन्यांतली वाढ किती ते वजाबाकीने शोधायचे. या वाढीला अतिरिक्त मृत्यू म्हणतात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा हिशोबही शेवटी याच तऱ्हेने लागला. सुरुवातीला भारतातील बळी ६० लाखांच्या आसपास असल्याचा सरकारी अंदाज होता, आणि १९२१ ची जनगणना झाल्यावर तो सव्वा कोटीच्या घरात गेला. म्हणजे मोजणीतली तूट ही आजची गोष्ट नाही, आणि ती भरून काढणेही नवे नाही.

मे २०२१ मध्ये ‘दिव्य भास्कर’ या गुजराती दैनिकाने हाच मार्ग धरला. १ मार्च ते १० मे २०२१ या काळात राज्यात सुमारे १ लाख २३ हजार मृत्यूचे दाखले दिले गेले, आदल्या वर्षी याच काळात ते सुमारे ५८ हजार होते आणि या मुदतीत सरकारने सांगितलेले कोरोनामृत्यू ४,२१८ होते, असे त्या बातमीत होते. सरकारने बातमी फेटाळली. एकाच मृत्यूचे अनेक दाखले काढले जातात आणि नोंदणीची तारीख व मृत्यूची तारीख एक नसते, असे कारण दिले गेले.

या उत्तराला उडवून लावणे सोपे आहे, पण त्यात तथ्याचा अंश आहे आणि तो मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. विम्यासाठी, बँकेसाठी, मिळकतीसाठी एकाच दाखल्याच्या अनेक प्रती काढल्या जातात. नोंदणीला २१ दिवसांची मुदत असते, त्यामुळे मार्चच्या आकड्यांत फेब्रुवारीचे काही मृत्यू येतात. याहून महत्त्वाची अडचण सरकारने मांडलीच नाही. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये टाळेबंदीमुळे कार्यालये बंद होती, नोंदी लांबल्या होत्या आणि रस्त्यावरचे अपघातही घटले होते, त्यामुळे ते वर्ष तुलनेसाठी योग्यच नव्हते. पण या सगळ्याची वजावट केली तरी दुपटीहून मोठी वाढ नाहीशी होत नाही. शंका खरीच असेल तर ती मिटवण्याचे साधन सरकारच्याच हातात होते. मृत्यूच्या तारखेप्रमाणे, एका मृत्यूची एक नोंद धरून, २०१८ पासूनचे महिनावार आकडे जाहीर केले असते तर वाद तिथेच थांबला असता. ते झाले नाही. पुढे संशोधकांनी राज्यातल्या १६२ पैकी ९० नगरपालिकांच्या मृत्यूनोंदी तपासल्या, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मार्च २०२० ते एप्रिल २०२१ या काळात तेवढ्याच नगरपालिकांत सुमारे २१,३०० अतिरिक्त मृत्यू निघाले. अख्ख्या राज्याचा अधिकृत आकडा तेव्हा १० हजारांच्या आसपास होता.

त्याहूनही बोलका पुरावा सरकारच्या स्वतःच्या तिजोरीतून आला. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोरोनामृतांच्या वारसांना सानुग्रह मदत देण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे ठरवण्याचा आदेश राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिला. रक्कम ५० हजार रुपये ठरली आणि ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तिला मान्यता दिली. पात्रतेचा निकष सोपा ठेवण्यात आला : तपासणीत कोरोना आढळल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल, तर तो रुग्णालयाबाहेर झालेला असला तरी धरायचा. गुजरातने अर्जांसाठी पुन्हा एक छाननी समिती नेमली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला चांगलेच फटकारले. जानेवारी २०२२ पर्यंत राज्याकडे सुमारे ९० हजार अर्ज आले होते आणि त्यांतले ६८ हजारांहून अधिक मंजूर झाले होते. मदतीचा निकष मृत्यूच्या कारणाच्या निकषापेक्षा सैल होता हे खरे, म्हणून मंजूर झालेला प्रत्येक अर्ज म्हणजे लपवलेला मृत्यू, असे म्हणता येणार नाही. तरीही ज्या राज्याने १० हजार मृत्यू मान्य केले त्यानेच त्याच्या सहापटीहून अधिक कुटुंबांना मदत मंजूर केली, ही गोष्ट कोणत्याही टीकाकाराच्या लेखापेक्षा जास्त सांगते.

गुजरातवर बोट ठेवताना इतर राज्ये निर्दोष होती असे सुचवायचे नाही. महाराष्ट्राचे आकडेही कमीच होते, मात्र २०२१ च्या जून-जुलैत तिथे जुन्या नोंदी ताडून हजारो राहिलेले मृत्यू जोडले गेले. बिहारने पाटणा उच्च न्यायालयाने विचारणा केल्यानंतर जूनमध्ये एका दिवसात आपला आकडा जवळपास चार हजारांनी वाढवला. केरळने अपिलांमधून जुने मृत्यू पुन्हा मोजले. आकडा वाढवून दुरुस्त करणाऱ्या सरकारची त्या दिवशी बदनामी होते, पण माझ्या मते तेच सरकार अधिक विश्वासाला पात्र आहे. देशाच्या पातळीवर जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतासाठी २०२० आणि २०२१ मिळून सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला. अधिकृत आकडा तेव्हा ४ लाख ८१ हजारांच्या आसपास होता. गणिती प्रारूपावरून काढलेला अंदाज आपल्यासारख्या मोठ्या आणि विविध देशाला लागू होत नाही, असा केंद्राचा आक्षेप होता. प्रारूपाविषयी शंका घेणे गैर नव्हते, पण ती दूर करणारी नागरी नोंदणीची २०२१ ची आकडेवारी मे २०२५ मध्ये बाहेर आली. तिच्यानुसार २०२० मध्ये ८१ लाख मृत्यू नोंदले गेले होते आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ, आणि त्या वर्षीचे अधिकृत कोरोनामृत्यू सव्वातीन लाखांच्या आसपास. नोंदणीचे प्रमाण दरवर्षी सुधारत असल्याने या वाढीतला काही भाग त्याचा असेलच, परंतु एवढी मोठी उडी त्याने स्पष्ट होत नाही.

एवढी काटेकोर मोजणी कशासाठी, गेलेले तर परत येत नाहीत, असा प्रश्न पडू शकतो. कोणत्या जिल्ह्यात किती खाटा, किती ऑक्सिजन आणि किती लशी पाठवायच्या हे याच आकड्यांवरून ठरते. मृत्यू कमी दाखवणाऱ्या जिल्ह्याला पुढच्या वेळीही कमीच मिळते. आणि ज्या घरातला कमावता माणूस गेला, त्याच्या विधवेला आणि मुलांना मिळणारी मदत कागदावरच्या त्या एका ओळीवर अडते.

सरकारांकडून टीकेला मिळालेले आणखी एक उत्तर म्हणजे लोकांमध्ये घबराट पसरेल. मे २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयापुढे तपासण्या वाढवण्याचा विषय होता, तेव्हा राज्याच्या बाजूने सांगण्यात आले की सरसकट तपासणी केली तर मोठ्या संख्येने लोक बाधित निघतील आणि भीतीचे वातावरण तयार होईल. त्याच महिन्यात त्याच न्यायालयाने अहमदाबादच्या सिव्हिल रुग्णालयाच्या अवस्थेची तुलना अंधारकोठडीशी केली होती. भीतीचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. खोट्या औषधांच्या आणि अफवांच्या संदेशांनी माणसे खरोखरच दगावली असतील. म्हणूनच आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ मध्ये आपत्तीविषयी खोटी घबराट पसरवल्यास एक वर्षापर्यंतची कैद आहे. अडचण अशी की खोटे काय हे ज्याच्यावर टीका होते आहे त्यानेच ठरवायचे, असा या कलमाचा व्यवहारात अर्थ होऊ लागला. उत्तर प्रदेशात आजोबांसाठी समाजमाध्यमावर ऑक्सिजन मागणाऱ्या तरुणावर गुन्हा दाखल झाला. ३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बंद केली. नागरिकांनी ऑक्सिजन, खाटा किंवा औषधांची अडचण समाजमाध्यमांवर मांडली तर त्यांच्यावर कारवाई करायची नाही, आणि केल्यास तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल, असे सर्व राज्यांच्या पोलीस प्रमुखांना कळवण्यात आले. घटनेच्या कलम १९(१)(अ) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य साथीत स्थगित होत नाही, हे त्या आदेशामागचे तत्त्व आहे.

मराठी वाचकाला हा वाद अनोळखी नसावा. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा झाला आणि त्याच्या चौथ्या कलमाने सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल अधिकाऱ्यांवर दावा चालणार नाही असे संरक्षण दिले. पुण्यात रँडच्या प्लेग समितीने सोजिरांकरवी घरझडत्या सुरू केल्या. टिळकांनी ‘केसरी’तून त्यावर कडक टीका केली, आणि त्याच वेळी हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकारही घेतला. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या वर्षीची दुसरी हकीकत मला अधिक महत्त्वाची वाटते. तेव्हा इंग्लंडमध्ये असलेल्या गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप तिथल्या वर्तमानपत्रात केला. परत आल्यावर, पत्रे लिहिणारांपैकी कोणी उघडपणे साक्ष द्यायला तयार होईना, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. माफीवरून आरोप खोटा होता असे सिद्ध होत नाही. साक्ष देणाऱ्यालाच शिक्षेचे किंवा बेअब्रूचे भय असले की सत्यही पुराव्याअभावी कसे पडते, हे त्यातून दिसते. २०२१ मध्ये नाव न सांगण्याच्या अटीवर पत्रकारांशी बोलणारे डॉक्टर आणि स्मशानातले कर्मचारी नेमके याच भयाखाली होते. म्हणून कोणाच्या तोंडी साक्षीवर न अवलंबणारी टीका, म्हणजे नोंदवहीवर आणि आकड्यांवर उभी असलेली टीका, सर्वांत टिकाऊ ठरली.

अशा टीकेने काय साधले याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. अहमदाबादमध्ये १०८ च्या रुग्णवाहिकेतून आलेल्या रुग्णालाच कोरोना रुग्णालयात दाखल करून घेण्याची अट होती. रुग्णवाहिकेला तासन्तास लागत असताना रिक्षातून आलेला अत्यवस्थ माणूस दारातून परत जाई. गुजरात उच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०२१ रोजी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून स्वतःहून याचिका दाखल करून घेतली होती. त्या सुनावणीत ही अट कोणत्या आधारावर आहे असे विचारले गेले आणि एप्रिलअखेरीस ती रद्द झाली. दुसरे उदाहरण लशींचे. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाच्या लशी राज्यांनी आणि खासगी रुग्णालयांनी वेगवेगळ्या दराने विकत घ्यायच्या, असे धोरण आले. सर्वोच्च न्यायालयाने ते प्रथमदर्शनी मनमानी आणि तर्कविसंगत असल्याचे म्हटले, राज्यांनीही तक्रारी केल्या, आणि ७ जूनला केंद्राने धोरण बदलून २१ जूनपासून सर्व प्रौढांसाठी मोफत लस देण्याचे जाहीर केले.

सरसकट सगळी टीका योग्य होती असे मात्र मी म्हणणार नाही. मार्च २०२० मध्ये या विषाणूबद्दल जगालाच फार थोडे ठाऊक होते. तेव्हाच्या मुखपट्टीविषयीच्या किंवा औषधांविषयीच्या सूचना पुढे बदलल्या म्हणून आधीची सूचना देणाऱ्याला अपराधी ठरवणे अन्यायाचे आहे. निर्णयाची पारख त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवर व्हायला हवी. टाळेबंदी योग्य होती की नाही यावर जाणकारांतही मतभेद आहेत, परंतु चार तासांच्या मुदतीने ती लादताना स्थलांतरित मजुरांच्या अन्नाची आणि प्रवासाची सोय केली नव्हती, हे त्या दिवशीही दिसत होते. तपासणीला आलेल्या आरोग्यसेविकेवर किंवा वॉर्डातल्या डॉक्टरवर हात उचलणे ही तर टीका नव्हेच. यंत्रणेने साधने न देता ज्यांना पुढे उभे केले, त्यांच्यावरच तो राग निघाला.

बडोद्यातल्या ज्या कुटुंबांच्या मनात अजून हा सल आहे त्यांना आजही काही करता येते. नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली चुकीच्या नोंदीची दुरुस्ती मागता येते, आणि त्यासाठी तपासणीचा अहवाल, रुग्णालयाची कागदपत्रे व नमुना ४ ची मागणी करणे हा पहिला टप्पा आहे. ज्यांना शहराचा हिशोब जाणून घ्यायचा आहे त्यांनी माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे जानेवारी २०१८ ते डिसेंबर २०२१ या काळात नोंदलेल्या एकूण मृत्यूंची, मृत्यूच्या तारखेनुसार आणि वॉर्डनिहाय, महिनावार संख्या मागावी. अर्जात कोरोना हा शब्द घालू नये, कारण तो घातला की कोणता मृत्यू कोरोनाचा हा वाद पुन्हा सुरू होतो. एकूण मृत्यूंची संख्या नोंदवहीत आहे आणि तिला उत्तर देण्यासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे.